मनोरा तोच, वारा वेगळा

यॉर्कशरमधील फेरीब्रिज वीजकेंद्राचे तीन कूलिंग टॉवर १ नोव्हेंबर १९६५ रोजी वादळी वाऱ्यात कोसळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या घटनेला साठ वर्षे पूर्ण झाली. तेथे सुमारे ११४ मीटर उंचीचे आठ मनोरे दाटीने उभे होते आणि पडले ते वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या रांगेतले. वाऱ्याच्या झोतांचा जोर हिशेबात कमी धरला गेला होता. शिवाय गणित एकट्या मनोऱ्याचे होते. पुढच्या रांगेमुळे वाऱ्यात उठणारी खळबळ त्यात नव्हती.

परिसर वाऱ्याचे रूप बदलतो, हा धडा आज डोंगरमाथ्यांवर चढणाऱ्या मोबाइल मनोऱ्यांना अधिक लागू आहे. दूरवर संदेश पोहोचावा म्हणून माथा निवडला जातो. पण उतारावरून चढणारा वारा दाबला जाऊन माथ्यावरच सर्वाधिक वेग घेतो. ही वाढ जमिनीलगत जास्त असते आणि उंचीबरोबर ओसरते. त्यामुळे सपाटीवरील मनोऱ्याचा आराखडा जसाच्या तसा माथ्यावर नेता येत नाही.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात यासाठी भूरचनेचा गुणक आहे. उतार तीन अंशांहून अधिक असल्यास तो १ पासून १.३६ पर्यंत जाऊ शकतो. आकडा किरकोळ वाटतो. मात्र वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने १.३६ म्हणजे सुमारे ८५ टक्के अधिक भार. ही वाढ एका रकान्यात सवयीने '१' लिहिल्याने नाहीशी होते.

परिसर स्थिरही नसतो. झाडी किंवा वस्ती हटून भूभाग तिसऱ्या वर्गातून दुसऱ्या वर्गात गेला, तर दहा मीटर उंचीवरील दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. मनोरा तसाच राहतो, त्याची सुरक्षितता मात्र घटते.

जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील अनेक गावांचा संपर्क तुटला होता. मदतीची हाक ज्या मनोऱ्यावरून जायची, तोच आडवा झाला तर वादळानंतरचे संकट दुणावते.

आपल्यातील अनेक अभियंते कधीही न पाहिलेल्या जागांसाठी परदेशात बसून गणिते करतात. त्यांनी समोच्च रेषांचा नकाशा आणि आठही दिशांची छायाचित्रे मागावीत. ती मिळेपर्यंत सही करू नये. जुन्या मनोऱ्यावर नवे अँटेना चढवतानाही भोवतालची पाहणी नव्याने व्हावी. या आग्रहाचा खर्च फार तर काही दिवसांचा विलंब एवढाच आहे.