होन्या केंगल्याला दरोडेखोर कुणी ठरवलं?

आंबेगाव तालुक्यातल्या जांबोरीचा होन्या भागोजी केंगले, महादेव कोळी. 1873 पासून त्याच्या टोळीने डोंगरपट्ट्यातले सावकार लुटले, त्यांची नाकं कापली. सरकारने त्याच्यावर 1000 रुपयांचं इनाम लावलं, मागावर खास पोलिस पाठवले. 1876 मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडलं. त्याच्या आधी, अकोल्याच्या देवगावचा राघोजी भांगरे याच सावकारशाहीविरुद्ध उठला होता. त्याला 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांनी या माणसांना दरोडेखोरांच्या यादीत टाकलं, आणि आपले मास्तर-प्राध्यापक आजही तीच यादी वाचतात.

आमचा साधा सवाल आहे. जो कायदा होन्याने मोडला, तो त्याचा होता कधी?

त्या काळचा व्यवहार बघा. सारा रोख भरायचा, पीक हातात यायच्या आधी भरायचा. पैसा फक्त सावकाराकडे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. वाटेल की कुळाचा फायदा झाला. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दलात व्याज मिसळून नवा रोखा करून घ्यायचा. कुळाला वाचता येत नव्हतं, ते अंगठा उठवायचं. कोर्टात रोखा बोलायचा, माणूस नाही. मग हुकूमनामा, मग जप्ती, मग आपल्याच रानात मजुरी. अक्षर ज्याच्या हातात, कोर्ट त्याच्या बाजूला. अक्षर कुणाच्या हातात होतं आणि का होतं, हे जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवलंय.

आता नाक. होन्याच्या माणसांनी कापलं ते सावकाराचं तोंड आणि गावातली पत, दोन्ही. हे क्रूर होतं आणि आम्ही त्याची आरती करणार नाही. सावकारी हा धंदा होता, एखाद्या जातीचं रक्त नव्हे, हेही होन्याचं पोस्टर लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पण एक हिशेब मांडाच. कापलेल्या नाकामुळे कर्जरोखा रद्द झाला नाही. 12 मे 1875 ला सुप्याच्या शेतकऱ्यांनी ते ओळखलं आणि थेट रोखेच जाळले. त्यानंतर सरकारने चौकशी आयोग बसवला आणि 1879 मध्ये कायदा आला, ज्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. जे अर्ज करून मिळालं नव्हतं, ते दंगलीनंतर मिळालं.

आमचेच काही साथी म्हणतात, होन्या आपल्या परंपरेतला नाही, बाबासाहेबांचा मार्ग सनदशीर. अर्धंच भाषण वाचलेलं दिसतं. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितलं, ते सनदशीर मार्ग आता खुला आहे म्हणून. तो खुला नव्हता तेव्हा त्या मार्गांना पुष्कळ समर्थन होतं, हेही त्याच भाषणात आहे. जांबोरीच्या कोळ्याला 1873 मध्ये मत नव्हतं, शाळा नव्हती, वकील नव्हता. खोतीविरुद्ध विधेयक मांडायला 1937 मध्ये कायदेमंडळात बाबासाहेब उभे होते. होन्यासाठी कोण उभं होतं?

आणि आज मार्ग खुला आहे का? डिंभे धरणाने जुनं आंबेगाव गावच पोटात घेतलं, भोवतालच्या आदिवासींची जमीन घेतली. जलाशयाला नाव दिलं हुतात्मा बाबू गेनूंचं. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रानात माणूस अतिक्रमणदार ठरू लागला. 2006 चा वनहक्क कायदा आला तरी दावा फेटाळताना शेरा तोच: पुरावा नाही. पुन्हा कागद!

पण या वेळी कायदा आपल्या बाजूचं काही सांगतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा त्यात पुरावा आहे. दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवावं लागतं, आणि ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. होन्याच्या जयजयकाराचे फलक लावणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी सांगावं, आपल्या ग्रामसभेचं वनहक्काचं दप्तर त्यांच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिलंय?