विश्लेषण : 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'चे भवितव्य कोणाच्या हाती?

स्पायडरमॅन आणि 'स्ट्रीट फायटर'चा र्‍यू यांना एकाच आखाड्यात उतरवणाऱ्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' या मालिकेचा नवा भाग २०१७ नंतर आलेला नाही. अशा मालिकेत हक्कांचा करार कळीचा ठरतो.

अडचण काय?
गेम जपानच्या कॅपकॉमचा. पण त्यातले साधारण निम्मे योद्धे मार्व्हलचे, आणि मार्व्हल डिस्नेच्या मालकीची. परवान्याची मुदत संपली की विक्री बंद. २०१३च्या अखेरीस दुसरा व तिसरा भाग ऑनलाइन दुकानांतून असाच हटला. २०१७च्या 'इन्फिनिट'मध्ये तर एक्स-मेनच नव्हते. चाहते नाराज झाले.

आता पुढे?
२०२४ मध्ये जुन्या सात गेमचा संच आला, म्हणजे दार बंद झालेले नाही. मात्र २०२५ मध्ये मार्व्हलच्या नव्या फायटिंग गेमची घोषणा झाली, ती सोनी आणि आर्क सिस्टम वर्क्ससोबत.

सुप्यातल्या खेळाडूला त्याचे काय?
मोबाइलवर पैसे मोजून घेतलेला गेमही बहुतेकदा वापरण्याचा परवानाच असतो, मालकी नव्हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही 'विकत घ्या' या बटणाशेजारी ही ओळ मराठीत असायला हवी. मालिका टिकेल की नाही हे कंपन्या ठरवतील. आपण पैसे कशाचे मोजतो, हे ग्राहकाला आधी कळलेच पाहिजे.