गोचीड नखाने चिरडू नका

म्हशीच्या अंगावरचा गोचीड ओढून नखाने चिरडण्याची आपली जुनी सवय आता सोडलीच पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये आपल्याच गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावी, भारतात प्रथमच काँगो ताप आढळला. रोगी बाई दगावली. तिची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिका हे दोघेही दगावले. याचे विषाणू गोचिडाच्या चाव्यातून, चिरडलेल्या गोचिडातून व बाधित जनावराच्या रक्तातून माणसात शिरतात. जनावर मात्र धडधाकट दिसते. म्हणून हातमोजे घाला, अंगाला चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा व हात साबणाने धुवा. पुढे ताप आल्यास डॉक्टरांना गोचिडाचे आधी सांगा. त्यात तुमचे हित आहे, त्यांचेही.