विरजण कोणाच्या भांड्यात?

विरजण ही आपल्याकडे कधी विकत घेण्याची वस्तू नव्हती. शेजारणीकडून वाटीभर मागून आणावे, अशीच रीत. आज त्याच जिवाणूंना ‘प्रोबायोटिक’ असे भारदस्त नाव देऊन, दह्यात लोह, जस्त, कॅल्शियम मिसळून ते ‘आरोग्यदायी’ म्हणून विकण्याचा उद्योग जगभर फोफावत आहे.

विज्ञानाशी आमचे भांडण नाही. दह्यातील जिवाणू आतड्यास उपकारक असल्याचा सिद्धान्त मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. दुग्धाम्लामुळे खनिजे विरघळण्यास मदत होते, हेही खरे. परंतु दुधात लोह नगण्य असते व त्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. वरून लोह मिसळावे, तर स्निग्धांश खवट होण्याचा धोका. म्हणजे डब्यावर जे छापले आहे ते रक्तात उतरेलच, असे नव्हे.

आणि हा डबा परवडणार कोणाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या बाईची उणीव प्रथम मजुरीची आहे. खनिजांची उणीव तिच्या पोटी जन्मते.

शासनाचे वर्तन पाहा. जुलै २०२२ मध्ये वेष्टनबंद दह्यावर पाच टक्के कर बसवण्यात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेऊन शाळांना लोकवर्गणीची वाट दाखवण्यात आली. गरिबाच्या मुलाचे अंडे वर्गणीवर, आणि पोषणाचा प्रश्न बाजारावर!

पर्याय दूर नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० सालापासून नागपुरातच उभे आहे आणि ते जनतेच्या पैशावर चालते. तेथे पारखलेले विरजण सहकारी दूधसंस्थांना व महिला बचत गटांना अल्प दरात मिळावे. ते दही अंगणवाडीच्या ताटात पडावे. खनिजांच्या दाव्यांची सार्वजनिक प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. आणि अंड्याचा निधी तत्काळ परत मिळावा. हिंगण्यातील कार्यकर्त्यांनी किमान वेतनाच्या मागणीपत्रातच या चार मागण्या जोडाव्यात. वेतन आणि अन्न हे दोन लढे नव्हेत. विरजण समाजाचे होते; ते समाजाच्याच भांड्यात राहिले पाहिजे.