गढूळ पाण्यातला फोर-के

पाण्याखालचा ड्रोन कोणता घेऊ, असं या आठवड्यात एका वाचकाने विचारलं. खोकं बहुधा भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून त्यांच्या घरी जाणार, तेव्हा सल्लाही इथूनच गेलेला बरा! जाहिराती फोर-के कॅमेऱ्याचं कौतुक करतात. तो कॅमेरा इथल्या वऱ्हाळा तलावात सोडा नाहीतर कामवारी नदीत. वीतभर पुढचा गाळ तेवढा सुरेख दिसेल. गढूळ पाण्यात डोळा नाही, कान लागतो, म्हणजे सोनार. मग केबल. रेडिओलहरी पाण्यात लांब जात नाहीत, म्हणून हुकूम आणि चित्र दोन्ही त्या एका तारेतून. ती विसर्जनानंतरच्या मूर्तींच्या सांगाड्यात अडकली की खेळ खलास. गुंतलेल्या धाग्याचं दुखणं इथल्या यंत्रमागवाल्यांना मी काय सांगावं! कोचीची आयरोव्ह कंपनी असे ड्रोन आपल्याच देशात बनवते. धरणाची भिंत, पुलाचे खांब, धक्के तपासायला, पाणबुड्याचा जीव धोक्यात न घालता, यासारखं साधन नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यावर ते जरूर उतरवावं. पण निव्वळ हौसेसाठी? सोनार परवडत नसेल तर घेऊच नका.