परकें तेल व आपलें घर

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेनें, आपण रशियाकडून तेल घेतों हें कारण सांगून, आपल्या देशांतून तिकडे जाणाऱ्या मालावर आधींच्या जकातीखेरीज आणखी २५ टक्के जकात बसविली. तेव्हांपासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. परक्या मालावर बहिष्कार घालावा काय, हा पहिला. आणि परक्या तेलावांचून आपल्या देशास कधीं काळीं राहतां येईल काय, हा दुसरा. बहुतेक पत्रलेखक हे प्रश्न एकाच दमांत विचारतात व दोहोंचें उत्तरही एकच असावें असें गृहीत धरतात. आमच्या मतें हे प्रश्न सख्खे नसून चुलत आहेत. त्यांचा विचार वेगवेगळा केला तरच गृहस्थास व गृहिणीस आपल्या हातीं खरोखर काय आहे हें कळेल.

प्रथम 'बहिष्कार' या शब्दाविषयीं. इंग्रजींतला त्या अर्थाचा शब्द १८८० सालीं आयर्लंडांत, मेयो परगण्यांतील कुळांनीं बॉयकॉट नांवाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यास वाळींत टाकलें, त्यावरून निघाला. आपल्याकडे ही गोष्ट त्याहून पुष्कळ जुनी. ग्रामण्य म्हणजे काय हें आपल्या घराण्यांस सांगावयास नको. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें पुढें आलेल्या चहाच्या पेल्यांवरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें. तें शस्त्र माणसावर चालत असे. आणि दुर्बलांवर तें किती निर्दयपणें चाललें याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं. म्हणूनच महाराष्ट्र शासनास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. यावरून पहिला नियम असा निघतो कीं, माणसास बाहेर टाकणें हा अधर्म आहे. वस्तूस घराबाहेर ठेवणें हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. परक्या मालाचा बहिष्कार पुकारून कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या काचा फोडणारा मनुष्य देशभक्त नव्हे. तो केवळ जुन्या ग्रामण्याचा नवा अवतार होय.

आतां १९०५ सालाकडे वळूं. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ त्या वर्षीं ७ ऑगस्टला कलकत्त्यास बहिष्काराचा ठराव झाला, आणि ७ ऑक्टोबरला पुण्यांत परदेशी कापडाची होळी पेटली. कापडाबरोबर परदेशी साखरही पुष्कळ घरांतून हद्दपार झाली. पुढच्या वर्षीं टिळकांच्या चतुःसूत्रींत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीस बहिष्कार येऊन बसला. त्याच्या आधीं तीस-एक वर्षें सार्वजनिक काकांनीं जाड्याभरड्या खादीचें व्रत घेतलें होतें, व १८७७ च्या दिल्ली दरबारासही ते त्याच वेषांत गेले होते.

हा बहिष्कार ज्या अंशानें यशस्वी झाला त्याचीं कारणें तीन होतीं. एक, वर्ज्य वस्तु ओळखतां येत होती. मँचेस्टरचें धोतर कोणतें व हातमागाचें कोणतें हें पोरासही कळे. दोन, तिच्यावांचून चालत होतें. साखर नसली तर गूळ होता. तीन, निर्णय घरांतल्या माणसांच्या हातीं होता; त्यासाठीं कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आणि जेथें पर्याय नव्हता तेथें तो निर्माण करण्याची खटपट झाली. अंताजी दामोदर काळे यांनीं दारोदार एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, व १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना सुरू झाला. तरीही नुसत्या व्रतानें सर्व साधलें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. परदेशी साखर आपल्या बाजारांतून खरोखर हटली ती १९३२ सालीं देशी साखरेस संरक्षक जकातीचें कवच मिळाल्यावर. घराचा निश्चय व राज्याचें धोरण अशीं दोन चाकें असलीं तरच गाडा चालतो.

या तीन कसोट्या आपण पेट्रोलला लावून पाहूं. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शंभरांतील ८५ हून अधिक भाग बाहेरून येतो. इराक, रशिया, सौदी अरेबिया अशा अनेक देशांचें तेल आपल्याच शुद्धीकरण कारखान्यांत एकत्र होतें, व त्याचें पेट्रोल होऊन पंपावर येतें. त्यांतला कोणता थेंब कोणत्या देशाचा हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. म्हणजे पहिली कसोटी उतरत नाहीं. दुसरीही पुरती उतरत नाहीं, कारण भाजीचा ट्रक, रुग्णवाहिका व शेतकऱ्याचा ट्रॅक्टर यांना आज तरी तेल हवेंच. उलट, ज्याच्याजवळ तेल आहे तोच आपल्यावर बहिष्कार घालूं शकतो. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आखडला, आणि कांहीं महिन्यांतच तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. तेव्हां पेट्रोलच्या बाबतींत बहिष्काराची भाषा वृथा होय. तेथें एकच शब्द लागू पडतो, तो म्हणजे संयम.

यावर आमच्या नगर जिल्ह्यांतील (२०२४ पासून अहिल्यानगर) वाचक म्हणतील, "पर्याय तर आमच्याच दारीं पिकतो!" त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. त्यानंतर प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांकाठीं कारखान्यांची रांगच लागली. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क होतो, व त्यापासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळतां येतें. २००३ सालीं कांहीं राज्यांत शंभरांस ५ या प्रमाणानें आरंभ झाला. २०२२ सालीं तें प्रमाण १० वर गेलें, व २०२५ सालीं २० वर पोंचलें. मळीसारख्या उरल्यासुरल्या पदार्थापासून इंधन व्हावें, उसाचे पैसे वेळेवर मिळण्यास हातभार लागावा, आणि परदेशीं जाणारा पैसा गांवांत राहावा, हें कोणास आवडणार नाहीं?

परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यांतच असें मांडलें आहे कीं, एक टन उसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल निघतें, आणि उसापासून निघणाऱ्या दर लिटर इथेनॉलमागें सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें. मळीच्या बाबतींत हें पाणी साखरेच्या खातीं आधींच पडलेलें असतें असें म्हणतां येईल. परंतु इंधनासाठीं म्हणून उसाचा रसच वापरूं लागलों, किंवा इथेनॉलच्या आशेनें नवा ऊस लावूं लागलों, कीं तो बचाव टिकत नाहीं. शिवाय इथेनॉलची उष्णताशक्ति पेट्रोलहून सुमारें एक तृतीयांशानें कमी, त्यामुळें वाहन तितक्याच मिश्रणांत थोडें कमी चालतें, हेंही हिशेबांत धरावें लागतें.

आणि पाणी हा आमच्या जिल्ह्यांत चर्चेचा विषय नसून जीविताचा आहे. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड येथें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण ज्या भागास पाणी देतें तेथें ऊस डोलतो. आणि पाथर्डीकडचीं कुटुंबें पोराबाळांसह गाडीवर बसून तोच ऊस तोडावयास परमुलखीं जातात. वरच्या धरणांतून जायकवाडीस किती पाणी सोडावें यावरून नगर, नाशिक व मराठवाडा यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ सालीं पाऊस कमी झाला तेव्हां त्या डिसेंबरांत केंद्र सरकारलाच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावें लागलें. परक्याच्या तेलविहिरीवरील अवलंबन सोडून आपण आपल्याच पाण्याच्या विहिरीचा तळ खरवडूं लागलों, तर त्यास स्वावलंबन म्हणावें काय? परकें तेल पैसे टाकून मिळतें. आटलेली विहीर पैसे टाकून भरत नाहीं.

याच जिल्ह्यांत बहिष्काराचें एक उदाहरण असें आहे कीं, त्याची होळी झाली नाहीं व मिरवणूकही निघाली नाहीं. हिवरे बाजारच्या ग्रामसभेनें शेतीसाठीं कूपनलिका खोदण्यास, आणि ऊस व केळी यांसारखीं अति पाणी पिणारीं पिकें घेण्यास स्वतःच्या गांवांत मनाई केली. पडलेल्या पावसाचा दर वर्षीं ताळेबंद मांडावयाचा, आणि जितकें पाणी असेल तितकेंच पीक घ्यावयाचें, असा तेथील रिवाज आहे. पोपटराव पवार यांना २०२० चा पद्मश्री किताब मिळाला तो अशाच कामासाठीं. हा बहिष्कार परक्यावर नसून स्वतःच्या लोभावर घातलेला आहे. आमच्या समजुतीनें सर्व बहिष्कारांत हाच कठीण, आणि हाच टिकाऊ.

आतां दुसऱ्या तेलाकडे येऊं. संस्कृतांत 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेलें. पुढें तो शब्द सर्वच तेलांस लागला, आणि जमिनींतून निघणाऱ्या रॉकेलासही त्याच कुळांत घेतलें गेलें. गंमत अशी कीं, खनिज तेलाप्रमाणेंच स्वयंपाकाच्या तेलांतही आपण आज परावलंबी आहों. देशांत खाल्ल्या जाणाऱ्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतें: पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून, सोयाबीनचें अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचें रशिया व युक्रेनकडून. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली, तेव्हां त्याची झळ आपल्या कढईपर्यंत पोंचली होती.

परंतु येथें मात्र तिन्ही कसोट्या उतरतात. पिशवीवर तेलाचें नांव छापलेलें असतें. बिस्किटें व फरसाण यांच्या वेष्टनावर 'पाम' हा शब्द बारीक अक्षरांत कां होईना, पण सांपडतो. पर्याय आपल्या मुलखांत आहे: नगर-सोलापूरच्या काळ्या जमिनींत करडई रब्बीच्या ओलीवर येते, तिचें मूळ खोल जातें, व तिला पाणी फारसें लागत नाहीं. तिच्या कांट्यांमुळें काढणी त्रासाची, आणि आयातीच्या स्वस्त तेलापुढें भाव मिळत नाहीं, म्हणून शेतकऱ्यानें ती सोडली. ज्या पिकास गिऱ्हाईक नाहीं तें पीक कोणता शेतकरी घेईल? आणि तिसरी कसोटी, निर्णय घरांतल्या माणसांच्या हातीं असणें. फोडणींत किती तेल घालावयाचें हें ठरविण्यास दिल्लीची परवानगी लागत नाहीं. घाण्याचें करडईचें वा शेंगदाण्याचें तेल महाग पडतें हें खरें; त्यावर उपाय म्हणजे तें कमी वापरणें. २०२५ च्या फेब्रुवारींत पंतप्रधानांनीं स्थूलतेच्या निमित्तानें तेल दहा टक्क्यांनीं कमी करण्याचें आवाहन केलें होतें. वैद्य व देशभक्त यांचें एकमत व्हावें असे प्रसंग थोडे. हा त्यांतला एक आहे.

असल्या व्रताची थट्टा करणाऱ्यांनीं १९६५ साल आठवावें. परक्या गव्हावर देश जगत होता, तेव्हां लालबहादूर शास्त्रींनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याची विनंती केली, आणि असंख्य घरांतून सोमवारची रात्रीची चूल बंद राहिली. केवळ त्या उपासानें कोठारें भरलीं नाहींत; तीं पुढें नव्या बियाण्यांनीं व पाटबंधाऱ्यांनीं भरलीं. परंतु मागण्याची लाज वाटणें ही स्वावलंबनाची पहिली पायरी असते, व ती पायरी घराघरांतून चढली गेली.

इंधनाच्या बाबतींत घरास काय करतां येईल? चार पावलांवरच्या किराणा दुकानास स्कूटर काढूं नये. एकाच बाजूचीं कामें एका खेपेंत उरकावीं. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून अधिक बाहेरूनच येतो, हें ध्यानांत ठेवून डाळ आधीं भिजवावी, झांकण ठेवून शिजवावी. गच्ची असेल तर अंघोळीचें पाणी सूर्यनारायणाकडून तापवून घ्यावें. आणि प्रवास शक्यतों एस. टी.नें करावा. राज्याच्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें याच रस्त्यानें धांवली. आणि विजेवर चालणारी 'शिवाई'देखील १ जून २०२२ रोजीं प्रथम याच रस्त्यानें निघाली. ती वीज आज बहुतांशीं दगडी कोळशाची असते हें खरें. पण तो कोळसा बराचसा आपल्या भूमींतला आहे, आणि एका गाडींत चाळीस माणसें बसलीं म्हणजे रस्त्यावरच्या किती तरी मोटारी आपोआप घरीं राहतात.

तात्पर्य, ज्या वस्तूची पारख होते व जिच्यावांचून चालतें तिचा बहिष्कार करावा; जिची पारख होत नाहीं व जिच्यावांचून चालत नाहीं तिच्या बाबतींत संयम धरावा; आणि जो पर्याय शोधावयाचा तो शेजाऱ्याच्या घागरींतून काढलेला नसावा. योगशास्त्रांत अपरिग्रहाची गणना यमांत केली आहे. गरजेहून अधिक न घेणें हा त्याचा साधा अर्थ. तो ज्या घरांत पाळला जातो त्या घरास कोणत्याही राजाच्या जकातीचें भय तितक्या अंशानें कमी होतें. आमच्या वाचकभगिनींनीं या महिन्यांत तेलाच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, आणि तो किती दिवस पुरला हें पुढच्या महिन्याशीं ताडून पाहावें. एवढ्यानें राष्ट्राचें तेल वांचेल असा आमचा दावा नाहीं. पण आपण किती घेतों हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यानें कमी घेणें कधींच होत नाहीं.