चानी, खार आणि चिपमंक

अलीकडे आपल्या अंगणातल्या खारीला काही मुले ‘चिपमंक’ म्हणू लागली आहेत. चित्रपटांतून व चित्रांच्या पुस्तकांतून ते नाव कानी आले आणि पाठीवर पट्टे दिसताच तिला ते चिकटवले गेले. मला हे रुचत नाही. नाव परके आहे म्हणून नव्हे, तर ते तिचे नव्हे म्हणून.

चिपमंक हा मूळचा उत्तर अमेरिकेचा रहिवासी. त्याची एकच जात आशियात, सैबेरियापासून जपानपर्यंत आढळते. त्याचे पट्टे पाठीवर थांबत नाहीत. तोंडावर, डोळ्यांच्या वर-खालीही ते असतात. आपल्या खारीचे तोंड मात्र कोरे. प्रभू रामचंद्रांनी तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, ही कथा आपण आजीकडून ऐकली आहे. ती बोटे पाठीपुरतीच फिरली, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे!

खुद्द अमेरिकेतही पट्टे पाहून माणसे फसतात. तेथील पश्चिमेकडच्या डोंगरांत जमिनीत बीळ करून राहणारी एक भूखार आहे. तिचे डोके-खांदे सोनेरी, कुशीवर चिपमंकसारखेच पट्टे, पण तोंडावर एकही नाही. अंगानेही ती थोराड. दोघेही गालांतल्या पिशव्यांत दाणे भरून नेतात, दोघेही हिवाळा बिळात काढतात. परंतु भूखार मुख्यतः अंगातल्या चरबीवर महिनोन्‌महिने निजते, तर चिपमंक मधूनमधून उठून साठवलेले दाणे खातो. पूर्व अमेरिकेतल्या चिपमंकाच्या ‘टॅमियस’ या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थच मुळी कोठावळा असा आहे.

आपल्या खारीला ना गालात पिशवी, ना हिवाळ्याची झोप. ती काथ्या, कापूस, चिंध्या जमवून झाडावर घरटे करते. तिच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘फुनॅम्ब्युलस’, म्हणजे दोरीवरून चालणारा. विजेच्या तारेवरून ती धावताना पाहिली की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते.

नात्याने पाहिले तर चिपमंक, भूखार आणि लडाखमधला गलेलठ्ठ, बिनपट्ट्यांचा मार्मोट एका शाखेतले. आपली खार दुसऱ्याच शाखेतली. म्हणूनच अनुवादकांनी चिपमंकाला सरसकट ‘खार’ म्हणणेही मला पटत नाही. त्याला चिपमंकच म्हणावे. आमच्या कोकणीत तिला ‘चानी’ म्हणतात, मराठीत खार. दोन नावे घरात असताना तिसरे उसने कशाला?

आपल्या देशात तीन पट्ट्यांच्या व पाच पट्ट्यांच्या अशा निरनिराळ्या खारी आहेत. शाळेच्या आवारातल्या माडावरची कोणती, हे विद्यार्थ्यांनी पट्टे मोजून मला सांगावे.